दत्तोपंतांची पाट्यांची जप्ती

दत्तोपंत बेलीफ तुमच्या दारात दान मागायला आले, तर दोन पंच घेऊन यायचे. कोर्टात बेलीफ असताना कोणाच्या घरावर जप्ती न्यायची झाली की दोन साक्षीदार बरोबर लागायचे, त्यांना पंच म्हणतात. पेन्शन झाली, कोर्ट सुटलं, पंच काही सुटले नाहीत. ओट्यावर उभं राहून ते आधी खाकरायचे, मग मागं न बघता विचारायचे, "पंच हजर?" पंच म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्यावरचा न्हावी आणि आमचे हे. ते "हजर" म्हणायचे. मग पंत घरातल्या माणसाला सांगायचे, "आपल्या घरात लहान मुलाची एक पाटी वापराविना पडून असल्याचं समजतं. ती नेण्यास आलो आहे. हरकत असल्यास आत्ता सांगा."

यावर माणसानं काय बोलावं? लोक आधी घाबरायचेच. ज्या माणसाला येताना बघून अख्ख्या नगरनं दारं लावून घेतली होती, तो म्हातारपणी दारात उभा, आणि मागतोय काय, तर पोराची पाटी. एका बाईंनी तर तांब्याचा हंडा मागच्या दारानं शेजारी पोचता केला नि मगच पुढचं दार उघडलं. पाटी हातात आली की पंत ती उलटीसुलटी बघणार, चौकट हलवून बघणार, तडा असेल तर "मोडकी वस्तू आपण नेत नाही" म्हणून परत करणार. पसंत पडली तर पंचांना ऐकू जाईल असं तिचं वर्णन करणार: पाटी एक, चौकट सागवानी, एक कोपरा झिजलेला, मागच्या अंगाला तेलाचा डाग. देणारा बिचारा उन्हात उभा. नमनाला घडाभर तेल. भीक नको पण कुत्रं आवर असं मागणाऱ्यानं म्हणायचं असतं, इथं देणारेच म्हणायला लागले, पंत, पाटी न्या पण वर्णन आवरा.

आम्ही नगरच्या तोफखाना भागात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायचो. आमचे हे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. लढाईचे दिवस होते, कागद मिळेनासा झालेला, त्यामुळे ह्यांचे अर्धे दिवस रिकामे जायचे आणि म्हणूनच पंतांना पंच म्हणून सापडायचे. मी ह्यांना विचारायची, अहो, तुम्ही रोज बरोबर जाता, त्या पाट्यांचं ते करतात तरी काय? हे म्हणायचे, पंचानं विचारायचं नसतं, हजर राहायचं असतं. झालं. एक वेडा शेजारी होताच, आता घरात दुसरा.

गावात ज्याला जे सुचलं ते तो बोलत होता. कागद पार संपला की पंत पाट्या चढ्या भावानं विकणार, असं एकाचं म्हणणं. न्हावी छातीठोक सांगायचा की म्युनिसिपालटीला उभे राहणार. समोरच्या काकूंना वाटायचं की त्यांना मिशनची माणसं भेटलीत, नाताळात बाटणार. किल्ल्यात तेव्हा मोठमोठे पुढारी डांबून ठेवलेले, त्यामुळे एका शिपायाला वाटलं, म्हाताऱ्याच्या थैलीत काही भलतंच असणार. त्यानं भर रस्त्यात अडवलं. पंतांनी थैली उघडून दाखवली आणि त्यालाच म्हणाले, बरं झालं भेटलास, आज एक पंच कमी पडत होता. तो खाकी कपड्यातला माणूस त्या दिवशी पाट्या मागत त्यांच्याबरोबर दारोदार फिरला. शेवटी लोकांनी त्याला बघून दोन पाट्या जास्तच दिल्या.

मी एकदा धीर करून पंतांनाच विचारलं. मी त्यांच्याहून पुष्कळ लहान, तरी ते मला वहिनीच म्हणायचे. म्हणाले, "बोटं वळतात तोवर, वहिनी. बोटं वळतात तोवर करायला हवं." मी म्हटलं, म्हणजे काय? तर पुन्हा तेच. मला वाटलं, ह्यांचे सांधे धरलेत, वय झालं. दुसऱ्या दिवशी मी निर्गुडीचा पाला नेऊन दिला आणि शेकून बोटांना बांधा म्हणून सांगितलं. पाल्याकडे आणि माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की जणू डोकं माझंच फिरलंय.

माणूस एकटा होता. मूलबाळ नाही. बायको पार तरुणपणी, आम्ही तिथं राहायला यायच्या कितीतरी आधी, इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली एवढंच ऐकून होते. स्वयंपाक स्वतः करायचे, धुणं स्वतः धुवायचे. एकदा सणाचं ताट द्यायला गेले तेव्हा त्यांचा देव्हारा दिसला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, आणि त्या सगळ्यांच्या मागं काच लावलेली एक तसबीर. पुढं फुलं वाहिलेली, आणि तसबिरीत देवच दिसेना. काच धुरानं काजळलेली, आत नुसतं काळं. मी विचारलं, हे कोणतं दैवत? पंत म्हणाले, "घरचं." घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, शनी असेल. मग काय, पुढं कितीतरी शनिवार मी त्यांच्या दारावरून जाताना मनातल्या मनात हात जोडत होते.

देवाधर्माचं त्यांचं एक शास्त्र होतं, तेही कोर्टातलंच. जप्तीला गेल्यावर तीन गोष्टींना हात लावायचा नाही: अंगावरचं मंगळसूत्र, चुलीवरची भांडी आणि देव्हाऱ्यातली वस्तू. नोकरीत असताना एका व्यापाऱ्यानं चांदीची भांडी देवांच्या मागं नेऊन ठेवली. पंतांना ती दिसत होती, पंचांना दिसत होती, रस्त्यावरच्या माणसालासुद्धा दिसली असती. पंतांनी देवाला नमस्कार केला आणि परत आले. साहेबानं फाडून खाल्लं. पंत एवढंच म्हणाले, "देवाला जप्ती नाही." हा किस्सा त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की तो व्यापारी माझ्या माहेरचाच असावा असं वाटायला लागलं.

पुढं छापखान्यात एकदम काम आलं नि न्हाव्यानंही हात टेकले. पंत आमच्या उंबऱ्याशी येऊन बराच वेळ घुटमळले. बाईमाणूस पंच म्हणून चालतं का, हा त्यांचा पेच. दोन दिवस विचार करून आले आणि म्हणाले, "चालत नाही असं कुठं लिहिलेलं सापडलं नाही." अशी माझी नेमणूक झाली, दुसरा पंच मिळेना म्हणून एकटीचीच. हे हसून म्हणाले, जा जा, विचारू मात्र नकोस, हजर राहा.

तेव्हा मला कळलं पाट्या कुठं जाणार होत्या ते. दर रविवारी सकाळी पंत भिंगारच्या पुढं, जामखेड रस्त्याला, खडीच्या खाणीपाशी जायचे. तिथं दगडफोड्यांची वस्ती होती. माणसं जामखेडाकडून पोटासाठी आलेली, कॅम्पातल्या रस्त्यांना खडी फोडायची. पालं ठोकलेली, एका कडुनिंबाची काय ती सावली. त्या सावलीत पंत त्यांची अगदी लहान लहान पोरं घेऊन बसायचे. शेंबडी, उघडी, काही तर नुकती चालायला लागलेली. पाट्या सगळ्यांना पुरतील इतक्या जमल्याशिवाय एकालाही द्यायची नाही असा पंतांचा दंडक, म्हणून तोवर धुळीत बोटानं अक्षरं गिरवणं चालायचं.

आणि काय ते शिकवणं. क कमळाचा हे आपल्याला ठाऊक. पंतांचा क कुलपाचा, ख खटल्याचा, ग गहाणाचा. मी कपाळाला हात लावला. काशी नावाची एक सहाएक वर्षांची पोरगी होती, सगळ्यांत चुणचुणीत. तिनं विचारलं, "कुलूप म्हंजी काय वो?" पंत म्हणाले, दाराला लावतात ते. ती म्हणाली, "आमच्या पालाला दारच न्हाई." पंत सगळ्या पालांकडे बघत राहिले. परत येताना मला म्हणाले, आयुष्यभर घरंच बघितली वहिनी, पण बेलीफाला काही कामच नाही अशी घरं पहिल्यांदा बघतोय.

मी म्हटलं, पंत, एवढ्या चिमुरड्यांना कशाला? जरा मोठी होऊ द्या, मग शाळेत जातील. तर त्यांनी बोट करून दाखवलं. काशीहून थोडी मोठी पोरं आईबापाच्या शेजारी बसून खडी फोडत होती. त्यांच्या हातात लहान हातोडे होते. "एकदा हातोडा हातात आला की झालं. बोटं वळतात तोवरच, वहिनी." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि निर्गुडीच्या पाल्याची आठवण होऊन मी पदर तोंडाला लावला. पण हे वाक्य ते असं सारखं का म्हणतात, ते काही तेव्हा कळलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला पाट्या पुरेशा झाल्या. पंतांनी ठरवलं, वाटायच्या तर पाटीपूजनालाच. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा करतात, तशी त्यांनी प्रत्येक पाटीवर स्वतः काढली. दिवसभर ओट्यावर फूटपट्टी घेऊन बसले होते. मी म्हटलं, द्या, थोड्या मी काढते. दिल्या नाहीत. सडाफटिंग माणसाला सरस्वती इतकी सुबक काढता येते हेच मला नवल वाटलं. दसऱ्याला निंबाखाली झेंडूची फुलं, आपट्याची पानं, हळदकुंकू, सगळं नेलं. एकेक पोर पुढं येणार, पंत विचारणार, पंच हजर? मी हजर. "ही सरस्वती," पंत सांगत होते. "हिला नमस्कार करा. ही विद्या देते." वस्तीतल्या मोठ्या माणसांनीही जमिनीला डोकं टेकून नमस्कार केले. काशीची आजी, ठकूआजी, वस्तीत तिचा शब्द चालायचा, तिच्या तर डोळ्यांना पाणी आलं. पंत इतके खुशीत मी कधी बघितले नव्हते.

पुढच्या रविवारी गेलो तर पोरं आली ती रिकाम्या हातानं. एकाजवळही पाटी नाही. पंतांना वाटलं, विकल्या. ते पालापालांतून बघायला निघाले आणि मी मागून. प्रत्येक पालात, जिथं त्यांचा देव मांडलेला, तिथं पाटी. हळदकुंकू लावलेलं, फूल वाहिलेलं. सरस्वती जशीच्या तशी. एका ठिकाणी पुढं लिंबू कापून ठेवलेलं. एकीनं पोराचा ताप उतरावा म्हणून तिला कोंबडं बोललं होतं. सरस्वतीला कोंबडं! मला हसावं की रडावं कळेना. पोरांना ताकीद मिळालेली, हात लावाल तर कोपंल.

पंतांनी समजावून पाहिलं. आमच्यात पूजा एका दिवसाची असते, दुसऱ्या दिवशी पुसून अक्षरं लिहायची, त्यासाठीच ती पाटी. ठकूआजी शांतपणे म्हणाली, "तुमीच म्हनला देवी हाय. आता पुसा म्हनता. तुमच्या घरात देव पुसत्यात व्हय?"

ज्या माणसानं वकिलांना कायदा सांगितला, त्याला एका म्हातारीला उत्तर देता येईना. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी थैली उचलली. मग वळले आणि चालायला लागले.

मी वाटेत म्हटलं, उगाच कशाला घोळ, पुढच्या खेपेला सरळ पाट्या काढून घ्या, पुसा, पोरांच्या हातात द्या. तुमच्याच तर आहेत. पंत म्हणाले, "देवाला जप्ती नाही, वहिनी." माझं डोकंच उठलं. स्वतःच मागून आणलेल्या, स्वतःच वाटलेल्या पाट्या, आणि यांचाच कायदा यांना आडवा. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय. नवीन पाट्या मागा म्हटलं तर म्हणाले, त्याही देव्हाऱ्यात जातील. ते काही खोटं नव्हतं.

दिवाळी आली नि गेली. पंत रविवारी जात, धुळीत अक्षरं काढून घेत, पण पोरं आता धुळीत रमेनात. घरात पाटी असताना धूळ कशाला, आणि पाटीला तर हात लावायचा नाही. एकेक येईनासं झालं. मग एका रविवारी काशी निंबाखाली आलीच नाही. ती आईशेजारी खडीच्या ढिगापाशी बसली होती, हातात नवा लहानसा हातोडा. आम्हाला बघून तिनं तो उंच करून दाखवला, कौतुकानं. पंतांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांच्या घरातून चुलीचा धूर निघाला नाही. मी भाकरी नेऊन दिली तर म्हणाले, ठेवा. ताट तसंच परत आलं.

पुढच्या रविवारी सकाळी दारात हाक आली, "पंच हजर?" मी बाहेर आले. पंतांच्या काखेत धुतलेल्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. मी विचारलं नाही. पंचानं विचारायचं नसतं, हे एव्हाना मीही शिकले होते.

निंबाखाली त्यांनी सगळ्यांना बोलावलं. ठकूआजी आली, हातातलं काम टाकून बाया आल्या, काशी हातोड्यासकट आली. पंतांनी धोतर सोडलं. आत ती देव्हाऱ्यातली तसबीर, काळा देव. म्हटलं, आता शनीला इथं बसवताहेत की काय. त्यांनी खिशातून पकड काढली, मागचे खिळे उपसले, काच अलगद बाजूला ठेवली. ती पाटी होती. वर एकाच्या आकड्यांची सरस्वती, वेडीवाकडी, आणि खाली शिकाऊ हाताची तीन अक्षरं: गोदाव.

"वर्णन सांगतो," पंत म्हणाले, नेहमीच्याच कोर्टातल्या आवाजात. "पाटी एक. चौकट आंब्याची. वर देवी, खाली अक्षरं तीन. मालक माझी बायको गोदावरी, मयत. लग्न होऊन आली तेव्हा तिला काही येत नव्हतं. माझ्या आईची नजर चुकवून मी शिकवायचो. ती म्हणायची, लहानपणी कोणी शिकवलं असतं तर बोटं वळली असती, आता नाही वळत. दसऱ्याला हिच्यावर नाव लिहायला बसली. उरलेलं उद्या लिहीन म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताप भरला."

ठकूआजीनं पाटीकडं निरखून पाहिलं. म्हणाली, "म्हंजी तुमीबी पुसली न्हाई."

"नाही पुसली," पंत म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, तेव्हा उत्तर देता आलं नाही. बेलीफाला देवावर जप्ती करता येत नाही. पण धन्यानं आपल्या हातानं काढून दिलं, तर चालतं."

मग त्यांनी विचारलं, "पंच हजर?" मी कसंबसं हजर म्हटलं.

"हरकत असल्यास आत्ता सांगा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती दारांत ऐकलं होतं. म्हणायचे आणि लगेच पुढं सरकायचे. आज म्हटलं आणि थांबले. ते माझ्याकडे बघत नव्हते, वस्तीकडेही नाही. पाटीकडे बघत होते. ते उभेच राहिले, कोणाला तरी बोलायला पुरेसा वेळ द्यावा तसे. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही.

कोणी हरकत घेतली नाही. पंतांनी निंबाखालच्या पाण्याच्या मडक्यात हात बुडवला आणि पाटीवरून फिरवला. आधी देवी, मग एकेक अक्षर. ओल्या काळ्या पाटीवर काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी ती काशीपुढं धरली. काशीनं आजीकडं पाहिलं. ठकूआजीनं तिच्या हातातून हातोडा काढून घेतला.

पंतांनी तिचा हात धरून पाटीवर ग काढला. काशीनं पाठ केलेलं म्हटलं, "ग गहानाचा."

"नाही," पंत म्हणाले. "ग गोदावरीचा."

तिनं तो पुन्हा काढला, एकटीनं. ठकूआजी उठून पालात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्यांच्या घरची पाटी होती. तिनं ती कपाळाला लावली, पदराचं टोक मडक्यात भिजवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी हजर हाय न्हवं?" मी म्हटलं, आहे आजी, हजर आहे.

उन्हं तापल्यावर आम्ही परत निघालो. पंतांच्या काखेत रिकामी तसबीर होती आणि उजवा हात त्यांनी अंगापासून जरा लांब धरला होता. तळव्यावर पाटीवरचं ते पांढरं लागलेलं, आता वाळलेलं. भिंगार मागं पडलं, वेस आली. तोफखान्यात दाराशी पोचेपर्यंत त्यांनी तो हात धोतराला पुसला नाही.